पंधरा नंबरचं वेटोळं

१

पडद्यावर पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमधलं यंत्र दिसत होतं. ओलं कापड एका बाजूने आत जात होतं, दुसऱ्या बाजूने वाळून बाहेर येत होतं. गजेंद्र देसाई पाहुण्यांना सांगत होते, की हे चित्र जिच्यावरून येतंय ती काचेची तार आम्ही जमिनीत पुरलेली नाही, आमच्याच विजेच्या पोलवर टांगली आहे. रस्ते खणायला नकोत, परवानग्या नकोत. अर्ध्या सुरतेत आमचे पोल उभे आहेत आणि...

वाक्य पुरं होण्याआधी पडदा काळा पडला.

मुंबईहून आलेल्या दूरसंचार कंपनीच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. हे तिसऱ्यांदा घडत होतं, आणि तिन्ही वेळा त्यांच्याच डोळ्यांदेखत.

तापीतीर वीज कंपनीसाठी हा जिवाचा प्रश्न होता. शहराच्या या भागात आजवर वीज विकायची ती त्यांनीच. आता बाजार खुला होणार होता. लवकरच त्यांच्याच तारांवरून दुसऱ्या कंपन्याही वीज विकायला उतरणार होत्या. गिऱ्हाईक फुटायच्या आत काहीतरी दुसरं हातात हवं म्हणून कंपनीने पोलवरून फायबरचं जाळं टाकलं होतं. इंटरनेट आणि मोबाइलवाल्यांना ते भाड्याने द्यायचं, आणि इतर कोणी जागं व्हायच्या आधी द्यायचं. हे सगळं गजेंद्र देसाईंनी उभं केलं होतं. मुंबईवाल्यांची सही झाली की ते कंपनीचे सर्वेसर्वा होणार, असं ऑफिसात सगळे धरून चालले होते.

मुंबईवाले नाही म्हणाले नाहीत. सही करण्याआधी आमचा माणूस येऊन बघून जाईल, एवढंच त्यांनी सांगितलं.

तो माणूस म्हणजे सुषमा बोरसे. वय पन्नाशीच्या आसपास, सुती साडी, पायांत बूट. आयुष्यभर तिने विमा कंपन्यांसाठी एकच काम केलं होतं: मिलमध्ये किंवा मार्केटमध्ये आग लागली की ती लागली की लावली, ते शोधायचं. वडील पारोळ्याकडून येऊन पांडेसऱ्याच्या मिलमध्ये राबलेले, त्यामुळे हा भाग तिला पाठ होता. ती प्रश्न थोडे विचारायची आणि समोर बराच वेळ बसून राहायची. लोकांना ते बसणंच जड जायचं.

देसाईंनी तिला चहा विचारला नाही. हा उघड घातपात आहे, मी स्वतः पोलिसांत तक्रार दिली आहे, असं ते म्हणाले. साधी नाही, वकिलाला बसवून अशी कलमं लावून घेतली होती, की माणूस सापडल्यावर तडजोडीला जागाच राहू नये. ज्याने माझं नाक कापलं त्याला मी तुरुंगात सडवणार, हे त्यांनी गुजरातीत सांगितलं, अगदी शांतपणे.

मग उठून त्यांनी केबिनचं दार लोटलं.

"तपास तुम्ही करा, बेन. पण माणूस मला ठाऊक आहे. तो या दाराबाहेरच बसलाय."

२

दाराबाहेर बसला होता योगेंद्र, देसाईंचा दुय्यम. जाळ्याचा नकाशा त्याने काढलेला, पाहुण्यांसमोर बोलायचे देसाई. बाजार खुला झाल्यावर येऊ घातलेल्या एका कंपनीने त्याला मोठ्या जागेवर बोलावलं आहे, ही बातमी ऑफिसात सगळ्यांना होती.

सुषमाने विचारलं तेव्हा त्याने ती नाकारली नाही. हो, बोलावलंय, हो, जाणार आहे. देसाईंना मी आवडत नाही आणि मला ते आवडत नाहीत. पण हे जाळं माझं आहे. उद्या दुसरीकडे गेलो तरी हेच दाखवून माझी किंमत होणार. ते मी स्वतः कशाला बुडवू?

बोलताना तो अर्धं गुजराती, अर्धं मराठी बोलत होता आणि सारखा चष्मा पुसत होता. सुषमा गप्प बसली. थोड्या वेळाने तो आपणहून पुढे बोलला.

"मॅडम, सगळे म्हणतात तार कोणी तोडली. तार कधी तुटलीच नाही."

दर वेळी मशीन लावून पाहिलं, की दोष एकाच ठिकाणी निघायचा: पांडेसऱ्यात, पंधरा नंबरच्या पोलवर, जिथे दोन केबलींचा जोड डब्यात बंद केला आहे. माणसं गाडी घेऊन जायची, शिडी लावून डबा उघडायची. आत सगळं ठाकठीक. आणि तोवर इकडे उजेडही परत आलेला असायचा.

असं कशाने होतं, हे सुषमाने विचारलं. त्याने टेबलावरचा फायबरचा तुकडा उचलला, एका टोकाला लाल उजेड लावला आणि तो बोटाभोवती सैलसर गुंडाळला. दुसऱ्या टोकाला लाल ठिपका दिसत राहिला. मग त्याने वेढा आवळला. ठिपका विझला, आणि बोटाजवळच काचेतून लाल उजेड बाहेर सांडू लागला. वळण बेताचं असेल तर उजेड वळतो, तो म्हणाला; फार आवळलं तर गळून जातो. वळण सैल केलं की पुन्हा पहिल्यासारखा.

म्हणजे कोणीतरी तार आवळत होतं आणि माणसं पोचायच्या आत सोडून देत होतं. भर दिवसा, गजबजलेल्या रस्त्यावर, पोलवर न चढता.

"आणि दर वेळी बरोबर पाहुणे बसलेले असताना," सुषमा म्हणाली. "पाहुणे कधी येणार हे आधी कोणाला कळतं?"

योगेंद्रने चष्मा डोळ्यांवर चढवला. "इथे सगळ्यांना. पण सगळ्यात आधी पल्लवीला. चाचणीची तयारी तीच करते."

३

पल्लवी सोनवणे नियंत्रण कक्षात चार पडद्यांसमोर बसायची. तिशीची, सडपातळ, आवाजात चढउतार नाही. तिच्याबद्दल देसाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. तिचा नवरा उखा, फायबर ओढणाऱ्या टोळीत होता. दोन वर्षांपूर्वी उतराण, म्हणजे संक्रांतीचे पतंग, संपल्यावर तारांत अडकलेला पतंग काढायला म्हणून तो भलत्याच पोलवर चढला आणि चालू लाइनला चिकटून मेला. चूक त्याची, तरी कंपनीने माणुसकी दाखवून बायकोला नोकरी दिली. हे सांगताना देसाईंना स्वतःचं कौतुक वाटत होतं.

तिन्ही वेळा पल्लवी याच खुर्चीवर होती. कक्षात कॅमेरा आहे. सुषमाने चित्रण पाहिलं. पडदा काळा होण्याच्या आधी ना नंतर तिने फोनला हात लावला होता, ना जागेवरून उठली होती. उजेड गेल्यावर तिने वर पाहिलं, मशीन लावलं, गाडीला कळवलं. इतकंच.

सुषमाने तिला विचारलं, की दोष कुठे निघाला.

"चौदाच्या शेजारच्या पोलवर."

दुसऱ्या वेळी?

"तिथेच. चौदाच्या शेजारी."

सुषमाने पुढे काही विचारलं नाही. पण बाहेर पडताना ती जिन्यात थांबली. देसाई, योगेंद्र, गाडीचा ड्रायव्हर, सगळे त्या पोलला पंधरा नंबर म्हणत होते. एखाद्या घराला शेजारच्या घराच्या नावाने कोण ओळखतं? ज्याचं येणंजाणं त्या शेजारच्या घरी असतं, तो.

खाली दुरुस्तीची गाडी उभी होती. टोळीचा मुकादम रामदास गावंडे अकोल्याकडचा. जाडजूड, कानात वाळी. दर बिघाडाला काम त्यालाच मिळतं, म्हणून त्याच्याकडेही बोट दाखवणारे होते. सुषमाने त्याला तसं सरळच सांगितलं. तो रागावला नाही. आपली माणसं ऑफिसपासून निघतात, तोवर पोलजवळ आपलं कोणीच नसतं, गाडीच्या जीपीएसवर बघून घ्या, असं म्हणाला. ते खरं निघालं.

मग उखाचा विषय निघाला आणि रामदासचे हात थांबले. चांगला पोरगा होता, एवढंच बोलून तो गाडीत सामान लावू लागला.

"कोणत्या पोलवर गेला तो?"

त्याने मागे वळून पाहिलं नाही. "चौदा नंबर," तो म्हणाला.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी सुषमा रामदासला घेऊन निघाली. पण पंधरा नंबरला जायच्या आधी तिने त्याला वाटेतले दुसरे जोड दाखवायला लावले. सगळीकडे मांडणी एकसारखी होती: मधे काळा डबा, आणि दोन्ही बाजूंना जादा केबलची दोन वेटोळी. पुढेमागे डबा खाली उतरवून जोड दुरुस्त करायचा झाला तर केबल पुरावी म्हणून ती ठेवतात. दोन्ही वेटोळी सारख्याच घेराची, सारख्याच जाडीची.

पंधरा नंबर एका जुन्या चाळीच्या अंगाला होता. वर विजेच्या तारा, त्यांच्या खाली फायबर, आणि फायबरपासून हाताच्या अंतरावर दुसऱ्या मजल्याची लोखंडी गॅलरी. समोर मिलचं फाटक. टेंपो, हातगाड्या, रंगाच्या पाण्याचा वास.

सुषमा मान वर करून बराच वेळ उभी राहिली.

इथे वेटोळं एकच होतं. पुढच्या पोलकडून आलेल्या केबलचं, चांगलं दुप्पट जाड. चौदाकडून आलेली केबल मात्र वेटोळं न घेता ताणलेल्या दोरीसारखी थेट डब्यात शिरली होती.

"हे असं का?"

रामदास म्हणाला की जागेवर जशी केबल भेटते तशी गुंडाळावी लागते. इतर पोलवर तशी का भेटली नाही, असं तिने विचारलं नाही. ती चालत चौदा नंबरकडे गेली. लिंबाच्या झाडाशेजारचा साधा पोल. केबल नुसती टेकून पुढे गेलेली. त्यावर डबा नव्हता, वेटोळी नव्हती. पण डोक्याच्या बऱ्याच वर गंजलेल्या लोखंडावर दोन आडवे पट्टे उजळ राहिले होते. डबा ज्या पट्ट्यांनी आवळतात, त्यांच्याच रुंदीचे.

तिला आता डब्याची गोष्ट कळली होती. जोड मुळात चौदावर होता, दोन्ही बाजूंना दोन वेटोळी घेऊन. नंतर कोणीतरी तो उचलून पुढच्या पोलवर नेला. मागच्या केबलचं वेटोळं त्या अंतरात खर्ची पडलं, पुढच्या केबलची तेवढी लांबी शिल्लक राहिली आणि तिचं वेटोळं दुप्पट झालं. हे असं आपोआप होत नाही.

पण उजेड कोण घालवत होतं? तिच्या मनात सकाळपासून एक गोष्ट घोळत होती. या जाळ्यात असे कितीतरी जोड होते. नुसतं नुकसान करायचं असतं आणि सापडायचं नसतं, तर माणसाने दर वेळी जागा बदलली असती. हा माणूस जागा बदलत नव्हता. तीन वेळा त्याने सगळ्यांना या एकाच पोलखाली आणून उभं केलं होतं. त्याला लपायचं नव्हतंच. त्याला हे वेटोळं कोणीतरी नीट पाहायला हवं होतं.

रामदासची माणसं आजवर शिडीवरून डब्यात डोकावली होती. वेटोळ्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. ते नीट दिसणार होतं ते वरच्या गॅलरीतून.

रामदासला खालीच थांबवून सुषमा चाळीचा जिना चढली. दुसऱ्या मजल्यावरचं शेवटचं दार तिने ठोठावलं. आतून कडी निघाली. पांढऱ्या केसांची, नऊवारीतली एक बाई दारात उभी होती. तिने सुषमाला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि बाजूला सरून वाट दिली.

"या, बहीन," खूप दिवस वाट पाहिल्यासारखी ती म्हणाली. "भलता दिन लागनात तुमले."

५

खोलीत एक पलंग, स्टोव्ह, खुंटीला लहान मुलीचं दप्तर आणि भिंतीवर हार घातलेला फोटो होता. फोटोतल्या तरुणाने डोक्यावर पिवळं हेल्मेट घातलं होतं. सुषमाला त्याचं नाव विचारायची गरज उरली नाही. ही धुरपदाबाई, उखाची आई, पल्लवीची सासू.

धुरपदाबाईने काही लपवलं नाही. गॅलरीच्या कठड्याला बांधलेली जुन्या लुगड्याची चिंधी आणि लाकडी लाटणं तिने पुढे आणून ठेवलं. वेटोळ्याच्या एका वेढ्याला चिंधी गुंडाळायची, लाटण्याने पीळ देत आवळायची. गाडी कोपऱ्यावर दिसली की पीळ सोडायचा. सुषमाने वाकून पाहिलं. काळ्या केबलवर एका जागी घासल्याची पांढुरकी खूण होती आणि लुगड्याचे हिरवे धागे चिकटले होते.

मग ती अहिराणीत बोलत राहिली आणि सुषमा ऐकत राहिली. सुषमाचे वडील घरी बोलायचे तीच बोली. ऐकताना सुषमाला मधेमधे खाली पाहावं लागत होतं.

त्या दिवशी धुरपदाबाई उखाच्या जेवणाचा डबा घेऊन गेली होती. लिंबाच्या झाडाखाली बसून तो जेवला. झाडाशेजारच्या पोलवर त्याचं काम चालू होतं. काळा डबा तिने तिथेच टांगलेला पाहिला. लाइन बंद आहे का, हे तिने रोजच्यासारखं विचारलं आणि तो रोजच्यासारखा हसला. जेवून तो पुन्हा वर चढला. ती भांडं धुवून घेत होती तेव्हा वर फटका वाजला.

दुसऱ्या दिवशी सरकारी निरीक्षक आले तेव्हा त्या पोलवर डबा नव्हता. तो पुढच्या पोलवर होता. इथे कसलंच काम नव्हतं, मग उखा इथे पतंगासाठीच चढला असणार, असं ठरलं. धुरपदाबाई ऑफिसात गेली, चौकीत गेली. डबा इथे होता, मी पाहिलाय, असं सगळ्यांना सांगितलं. म्हातारीला वाचता येत नाही, पोलचे नंबर काय कळणार, असं म्हणून तिला बाहेर काढलं. देसाईंनी तर सुनेची नोकरी टिकवायची असेल तर तोंड बंद ठेव म्हणून बजावलं.

तोंड बंद ठेवून तिने पर्वत पाटिया भागातली खोली सोडली आणि ही घेतली, पोलसमोरची. रोज सकाळी उठून ते दोन पोल पाहायचे आणि देसाईचं वाटोळं चिंतायचं, एवढंच काम उरलं होतं. एकदा तिने ओली गोधडी वाळत घालताना कठड्यावर जागा नाही म्हणून वेटोळ्यावर टाकली. थोड्याच वेळात कोपऱ्यावर गाडी दिसली, तशी तिने गोधडी उचलली; गाडीमागे मोटार आली. तिच्यासाठी दोन वर्षांत जे साहेब खुर्चीतून उठले नव्हते, ते त्या पोलखाली धावत आले होते.

संध्याकाळी तिने सुनेला विचारलं, की हे काय झालं. नेमके मुंबईचे पाहुणे बसलेले असताना पडदा काळा पडला, असं सुनेने सांगितलं. पल्लवी त्या रात्री जेवली नाही. नंतर दोघींनी मिळून ठरवलं: पाहुण्यांची वेळ सुनेने घरी सांगायची, वेढा सासूने आवळायचा.

"मना आंडोर मरना, तवय तुमना मायक कोनीच उनं नही," धुरपदाबाई मुलाच्या फोटोकडे पाहत म्हणाली. "काचमातला उजेड गया, तं तुम्ही उनात."

सुषमाने तिला समजावून सांगितलं, की मला नाव द्यावं लागेल, आणि देसाईंनी लावलेली कलमं फार कडक आहेत. तुरुंग होऊ शकतो.

धुरपदाबाईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. ते हसू नव्हतं.

"लिखा. त्यानाकरताच बठेल शे मी."

६

देसाईंच्या केबिनमध्ये योगेंद्र, रामदास आणि पल्लवी यांना बोलावून सुषमाने दार लावून घेतलं. मुंबईचे दोघे पाहुणेही बसले होते. आम्ही असल्याशिवाय बोलायचं नाही, असं त्यांनी सुषमाला आधीच बजावलं होतं.

तिने आवाज न चढवता सांगायला सुरुवात केली. तार तुटली नव्हती, आवळली होती. ऑफिसातल्या कोणाचा हात तिथे पोचत नव्हता. गॅलरीतून पोचत होता. गॅलरीत धुरपदाबाई सोनवणे राहते आणि तिने कबूल केलं आहे.

देसाई खुर्चीत मागे रेलले. पल्लवीकडे पाहून म्हणाले, की याच घरात मी नोकरी दिली. पल्लवीने नजर वळवली नाही. आता पोलिसांना फोन लावा, असं त्यांनी योगेंद्रला फर्मावलं.

"लावा," सुषमा म्हणाली. "पण आधी मला एक सांगा. पतंग काढायला चढलेल्या माणसाच्या पोलवरून जोड का हलवला?"

देसाई म्हणाले, जोड पहिल्यापासून पंधरावरच आहे. सुषमाने वेटोळ्याचं सांगितलं: सगळीकडे दोन, इथे एकच आणि तेही दुप्पट. मग चौदावरच्या उजळ पट्ट्यांचं सांगितलं. योगेंद्र उभा राहिला. त्याने नकाशात जोड चौदावर दाखवला होता, असं तो म्हणाला. अपघातानंतर देसाईंनी तो बदलायला लावला, जागेवर काम सोयीचं झालं नाही असं कारण देऊन. त्याने विचारलं नव्हतं. आता तो बसला नाही, तसाच उभा राहिला.

सुषमा रामदासकडे वळली. नुसती त्याच्याकडे पाहत बसली.

"मले सायबानं सांगतलं, मी हलवलं," रामदास शेवटी म्हणाला. "उखा दवाखान्यात होता तवा. उजाडायच्या आत पायजे म्हणे."

पुढचं त्याने खाली बघत सांगितलं. फायबरच्या कामासाठी लाइन बंद ठेवायची, तर मिल्स बंद पडायच्या आणि मालक देसाईंवर ओरडायचे. बाजार खुला व्हायच्या आत जाळं पुरं करायचं होतं, आणि मिलवाले तर उद्याचं गिऱ्हाईक. त्यांना दुखवायचं नव्हतं. म्हणून लाइन जेवढी कमी बंद ठेवता येईल तेवढी ठेवायची. त्या दिवशी एका मालकाचा फोन आला आणि देसाईंनी वेळेआधीच लाइन चालू करायला सांगितलं. टोळीला जेवणाची सुट्टी आहे, सगळे खाली असतील, असं धरून. सगळे खाली होते. उखा तेवढा जेवून परत चढला होता.

डबा चौदावर राहिला असता तर उखा कामावर मेला असं दिसलं असतं, आणि मग लाइन कोणी चालू केली, हा प्रश्न आला असता.

मुंबईच्या दोघांनी कागद गोळा केले. आमची सही होणार नाही, असं सांगून ते उठले.

देसाई एकदम मऊ आवाजात म्हणाले, की म्हातारी बाई आहे, तिने काय नुकसान केलं? मी तक्रार मागे घेतो. तिला कोणी हात लावणार नाही. झालं गेलं सगळ्यांनीच विसरून जावं.



"मागे घेता येणार नाही, साहेब," पल्लवी म्हणाली. "आमच्या आत्याबाई सकाळपासून पोलीस ठाण्यात बसल्यात."

७

धुरपदाबाई आपल्या पायांनी ठाण्यात गेली होती, लाटणं आणि लुगड्याची चिंधी पिशवीत घालून. देसाई वकिलाला घेऊन तिथे पोचले तेव्हा तिचा जबाब चालू होता. वकिलाने ठाण्याच्या अधिकाऱ्यांना बाजूला नेऊन बरंच समजावलं. कलमं तडजोडीची नाहीत, ती तुमच्याच साहेबांनी लावून घेतलीत, आणि आरोपी कबूल आहे, एवढंच उत्तर मिळालं. खटला उभा करायचा तर गुन्ह्याची जागा दाखवावी लागणार, वेटोळं उतरवून न्यायालयात आणावं लागणार, आणि ते तिथे तसं का, हे कोणीतरी सांगावं लागणार.

पाहुणे कधी येणार हे तिला कोणी सांगितलं, असं पोलिसांनी धुरपदाबाईला विचारलं. ती म्हणाली, मिलच्या फाटकापाशी सगळ्यांना कळतं. घरात उखाची लहान मुलगी होती. तिच्यापाशी एकीने तरी राहायला हवं, हे सासू-सुनेत आधीच ठरलं होतं, आणि त्यावरून दोघींचं कडाक्याचं भांडणही झालं होतं. सुषमाला हे धुरपदाबाईकडून कळलं होतं. तिने अहवालात जे डोळ्यांनी पाहिलं आणि धुरपदाबाईने स्वतःबद्दल जे कबूल केलं, तेवढंच लिहिलं. पल्लवीने आपल्याला काही सांगितलं नाही, हेही लिहिलं, आणि ते खरंच होतं.

सरकारी निरीक्षकांना उखाच्या मृत्यूची चौकशी पुन्हा उघडावी लागली. रामदास साक्षीदार झाला. योगेंद्रने जुना नकाशा आणून दिला आणि दुसऱ्या कंपनीत गेला. देसाईंना कंपनीने आधी रजेवर, मग घरी पाठवलं, आणि पोलिसांनी पुरावा हलवल्याबद्दल आणि हयगयीने जीव घेतल्याबद्दल अटक केली. जामिनावर सुटून आले तेव्हा त्यांच्या जागी नवा माणूस बसला होता. बाजार ठरल्या वेळी खुला झाला. तापीतीरचं फायबर भाड्याने घ्यायला त्या वर्षी कोणी आलं नाही.

योगायोगाने दोन्ही खटल्यांची तारीख एका दिवशी लागली. न्यायालयाबाहेरच्या व्हरांड्यात एकच बाक होतं. धुरपदाबाई सुनेच्या शेजारी बसली होती. देसाई आले, जागा शोधत थोडा वेळ उभे राहिले आणि शेवटी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. केस पिकले होते, शर्ट सैल झाला होता. सुषमा साक्षीला आली होती. ती भिंतीशी उभी राहून पाहत होती.

मग देसाईंनीच तोंड उघडलं. मोडक्या मराठीत म्हणाले, बाई, खरं सांगतो, मला वाटलं तो खाली उतरला असेल.

धुरपदाबाईने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि दयाही नव्हती.

"एक हाक मारानी व्हती," ती म्हणाली.

देसाई मान खाली घालून बसले. दार उघडलं. शिपायाने बाहेर येऊन खणखणीत आवाजात त्यांचं नाव पुकारलं. ते उठले नाहीत. त्याने दुसऱ्यांदा पुकारलं, तिसऱ्यांदा पुकारलं; व्हरांड्यातले सगळे वळून पाहू लागले.

"जा," धुरपदाबाई म्हणाली. "तुले हाका मारी ऱ्हायनात."